पिवळं दिसायच्या आधी

१५ मार्च ७८, बुध.

नाइट ड्युटी करून सकाळी घरी. प्रसूतिगृहात रात्रभर मी एकटीच सिस्टर, त्यात दोन आया सुट्टीवर. अंगात कणकण आहे. चहाचा वास नको झालाय, म्हणजे माझ्यासारख्या चहाबाज बाईला नक्कीच काहीतरी झालंय. मेट्रन म्हणाल्या, "सुमन, दिवस गेलेत का?" नाहीत. दुसऱ्यांचे दिवस मोजण्यात आयुष्य चाललंय, आपले कळणार नाहीत होय? मागच्या महिन्यात वॉर्डात काविळीची एक बाळंतीण होती, तिचं सगळं मीच काढलं. तेव्हापासून कुणी नुसतं शिंकलं तरी मेट्रन घाबरतात.

तापाची गोळी घेऊन पडले. मागच्या शेडमध्ये लूमची, यंत्रमागांची खटखट. हे त्यातल्याच एका शेडमध्ये जॉबर आहेत, बिघडलेले माग दुरुस्त करतात. कामतघरात राहून आवाजाने झोप येत नाही म्हणायची सोय नाही.

१७ मार्च, शुक्र.

शुक्रवार, लूम बंद. ह्यांनी सकाळी पाणी भरलं, भात टाकला, माझ्या पायांना तेल चोळलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. दुपारी दाराला कडी लावून हळूच म्हणाले, "आज?"

म्हटलं, अंगात कसर आहे, आज नको. रागावले असते तर बरं. हे रागावत नाहीत, मार खाल्लेल्या पोरासारखे भिंतीला टेकून बसून राहतात. तासभर तसेच. शेवटी हो म्हटलं.

एकदा स्वच्छ लिहून टाकते, पुढे आडपडदा नको. माझ्या नवऱ्याला माझ्या अंगातून जे बाहेर टाकलं जातं त्याची ओढ आहे. लघवीची, शीची सुद्धा. इतर पुरुषांना बायकोच्या अंगाची असते, तशी ह्यांना याची. का, ते त्यांनाही सांगता येत नाही. दारूला शिवत नाहीत, हात उगारत नाहीत, पगार हातात आणून देतात. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा हे एवढंच. मी त्याला "ते" म्हणते.

लिहिलं. आभाळ काही कोसळलं नाही.

१८ मार्च

अजून कणकण. हे कामावर जाताना माझं लुगडं धुऊन वाळत टाकून गेले. शेजारणी म्हणतात, नवरा असावा तर काशिनाथसारखा. असावा बाई.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सांगितलं त्यांनी, भिंतीकडे तोंड करून. मी दोन दिवस बोलले नाही. मग वाटलं, बोलायचं बंद करून सुटणार आहे का? नाही ना. मग निदान कुणी आजारी तरी पडू नये. वॉर्डात नव्या आयांना दम देते तशाच आवाजात त्यांना सगळं सांगितलं. खाली रबरी शीट. आधी नखं कापायची, दोघांनी. हाताला खरचटलेलं असेल तर नाही. कुणाला जुलाब, ताप, काहीही असलं तर नाही. तोंडात तर कधीच नाही. नंतर लाल कार्बोलिक साबण, कोपरापर्यंत. शीट डेटॉलच्या पाण्यात. जंताचं औषध दोघांनी अधूनमधून घ्यायचं. आणि लेक झाल्यावर आणखी एक: कुंदा घरात असताना विषयसुद्धा काढायचा नाही. त्यांनी शाळेतल्या पोरासारखी मान हलवली. इतकी वर्षं निभावलं. जंत नाहीत, जुलाब नाहीत. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटायचं.

काल तापाचा नियम मी मोडला. आणि तोंडाचा त्यांनी. माझं लक्ष नाही असं वाटलं असेल. मी ओरडले. "चुकलं," म्हणाले. मिठाच्या पाण्याच्या चुळा भरायला लावल्या, तोंड-हात सगळं डेटॉलने पुसून काढलं.

मला त्यात सुख नाही. किळसही फारशी उरली नाही, रोज हातानं तेच काढते. नाही म्हणायचं बळ आहे माझ्यात. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा बघायचं बळ नाही.

२६ मार्च, रवि.

धुळवड कशी गेली कळलं नाही. आता बरी आहे. चहा परत गोड लागतो.

सासूबाई कुंदाला घेऊन राहनाळहून आल्या. चार वर्षांची झाली. माझ्या ड्युटीच्या पाळ्या उलटसुलट, म्हणून आजीकडेच वाढते, इथे पाहुण्यासारखी येते. आज आल्या आल्या विचारलं, "आई, माझी उशी कुठाय?" उशी काढून दिली.

सासूबाईंशी ठरलं: जूनपासून कुंदा इथे. बालवाडी समोरच आहे, दुपारी खानावळीतली शेवंताबाई बघेल. ह्यांना सांगितलं तर हसले, मग एकदम गप्प झाले. मला कळलं का ते. एका खोलीत पोर कायमची आली की "ते" आपोआप बंद. कुणाला नाही म्हणायला नको, कुणाचा चेहरा बघायला नको. जूनकडे डोळे लावून बसलेय, नव्या नवरीसारखी.

८ एप्रिल, पाडवा

सकाळची ड्युटी. घरी गुढी ह्यांनीच उभारली. दुपारी हे शेवंताबाईकडे जेवले. शेवंताबाई म्हणजे चाळीच्या टोकाची खानावळ. नवरा टी.बी.ने गेला, तेव्हापासून लूमच्या माणसांना जेवू घालून दोन मुली वाढवते. माझी ड्युटी असली की हे तिथेच जेवतात. आज तिने सगळ्यांना श्रीखंड दिलं, आणि माझ्यासाठी वाटीत झाकून पाठवलं. वाटी इतकी घासलेली की तोंड दिसावं. ती बाई पिण्याचं पाणी फडक्याने गाळून, उकळून ठेवते. मीच शिकवलंय तिला.

१६ एप्रिल, रवि.

हे दोन दिवस मरगळलेले. बिडी कडू लागते म्हणाले, पेटवून फेकून दिली. भाताकडे बघून ओकारी. ऊन लागलं असेल. लिंबाचं सरबत दिलं.

संध्याकाळी लघवीला जाऊन आले आणि म्हणाले, "चहासारखी होतेय गं." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. नर्स आहे मी. ऐकलं होतं.

१८ एप्रिल

डोळे पिवळे. खिडकीपाशी नेऊन पापणी खाली ओढली. हळदीचं बोट लागल्यासारखं. कावीळ.

निरोप गेला आणि दुपारपर्यंत सासूबाई हजर. कुंदाला माझ्या जावेकडे ठेवून आल्या, बरं केलं. लेकाचा चेहरा हातात धरून म्हणाल्या, "डोलं बघ कसं झालंन माझ्या पोराचं. मी पयलंच सांगितलं व्हतं, परक्या बाईच्या हातचं खाऊ नको. त्या खानावलीचं पानी बाधलंन."

मी म्हटलं, "तिचं पाणी उकळलेलं असतं."

"तू हायस का तिच्या चुलीपाशी? तू तर रातदिस दवाखान्यात."

हे डोळे मिटून पडलेले.

२० एप्रिल

सासूबाईंनी वैदू आणला. मुळ्यांचे तुकडे ओवलेली माळ ह्यांच्या डोक्यावर ठेवली. जशी कावीळ उतरेल तशी माळ वाढत वाढत गळ्यात येईल म्हणे. मी बघत राहिले. दोरा असा ओवलाय की सुकला की सुटणारच. काय बोलणार? वॉर्डातल्या औषधांनीसुद्धा कावीळ पळत नाही, ती आपल्या चालीने जाते. विश्रांती, साखरेचं पाणी, तेल-तूप बंद. तेवढं मी करतेय.

वैदूने सकाळी अनशापोटी गोमूत्र सांगितलं. सासूबाईंनी तांब्याच्या भांड्यात आणलं, पदराने झाकून, देवाचं तीर्थ आणावं तसं. शेजारच्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. एक म्हणाली, हल्ली मोठमोठी माणसं स्वतःचंसुद्धा पितात, पेपरात येतं. दुसरीने मान डोलावली. ह्यांनी भांडं तोंडाला लावलं आणि त्यावरून माझ्याकडे बघितलं. मी बाहेर जाऊन हसले. मग मोरीत बसून रडले. ते कुठल्या भांड्यातून येतं, त्यावरच शरम असते की काय सगळी?

२१ एप्रिल, शुक्र.

आज नीट लिहिता येईल की नाही.

वॉर्डात डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना बसवून काविळीविषयी सांगितलं. गावात केसेस दिसतायत म्हणून. म्हणाल्या, रोग्याच्या शीमधून बाहेर पडते आणि दुसऱ्याच्या तोंडातून आत जाते, एवढीच वाट आहे तिची. मग म्हणाल्या, "आणि हे लक्षात ठेवा. डोळे पिवळे झाल्यावर आपण जपतो, पण ती सगळ्यात जास्त पसरते ती पिवळं दिसायच्या आधी. नुसती कणकण असते, जेवण जात नाही, तेव्हा. काहींचे तर डोळे कधीच पिवळे होत नाहीत. तापासारखं येऊन जातं, त्यांना कळतही नाही."

एका आयाने विचारलं, "पण डेटॉल लावलं तर?"

"डेटॉलने हिचं काही होत नाही. साबण आणि भरपूर पाणी. भांडी-फडकी उकळायची, संडासात ब्लिचिंग पावडर."

मी हातातल्या कापसाचे बोळे करत राहिले. कणकण. चहाचा वास. काविळीची बाळंतीण. मग तो शुक्रवार, आणि त्यानंतर जवळपास महिन्याने ह्यांची कावीळ. डॉक्टरीणबाईंनी तेवढेच दिवस सांगितले, लागण झाल्यापासून दिसेपर्यंतचे.

इतकी वर्षं डेटॉलच्या वासावर विसंबून राहिले. तो वास आला की वाटायचं, झालं, निवळलं सगळं.

खात्री नाही. खात्री कधीच होणार नाही. नळाचं पाणी हल्ली गढूळ येतं, टपरीवर चहा पितात, कुठूनही आली असेल. पण मला आतून माहीत आहे.

२४ एप्रिल

रबरी शीट उकळायला गेले तर सासूबाई घरात. घमेल्यात घालून वॉर्डात नेली, तिथे उकळली. आया म्हणाली, "सिस्टर, घरची?" म्हटलं, ह्यांच्याखाली घालते, आजारी आहेत. खोटं नव्हतं.

घरी ह्यांचं ताट-भांडं वेगळं केलंय. संडासला जाऊन आले की मी उभी राहून हात धुऊन घेते. सासूबाईंना वाटतं, सून लई करते.

शेवंताबाईकडची माणसं गळायला लागलीत. सासूबाई नळावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "माझा पोरगा तिथंच जेवत व्हता." बस, तेवढंच. ह्यांच्या शेडमधले यूसुफभाई भेटायला आले, सफरचंदं घेऊन. भला माणूस. जाताना म्हणाले, "भाभी, हमने भी वहाँ खाना बंद कर दिया. क्या करें, बाल-बच्चे हैं गाँव में." मी म्हणायला हवं होतं, नका बंद करू. म्हटलं, "चहा घ्या."

२६ एप्रिल

शेवंताबाई आली. आत आली नाही, उंबऱ्यापाशी बसली. सासूबाई दुकानात गेल्याचं बघूनच आली असणार.

"सिस्टर, तुम्ही माझी चूल बघितलीय. मी काय घाण घालते का लोकांच्या ताटात?"

"नाही हो."

"मग सांगा ना चारचौघांत. माझं कोण ऐकतंय? तुमचं ऐकतील, तुम्ही दवाखान्यातल्या. एवढंच म्हणा, की खानावळीतून न्हाई झाली. कुठून झाली ते तुम्हाला ठावं असंल की."

मी म्हटलं, "बघते."

बघते! काय बघणार होते? कोपऱ्यात हे अंथरुणावर, डोकं चादरीत. सगळं ऐकत होते. शेवंताबाई उठताना म्हणाली, "पोरींना दोन दिवस उरलेलंच खायला घालतेय. जेवायलाच कोण येत न्हाई तर उरतं रोज." तिला रडूही आलं नाही. आलं असतं तर मला पाणी तरी देता आलं असतं.

२७ एप्रिल

सासूबाई देवळात. ह्यांना सांगितलं. डॉक्टरीणबाईंचं सगळं, माझ्या तापाचं, शुक्रवारचं. छताकडे बघत ऐकलं.

"म्हणजे तुझ्यापासून?"

"माझ्यापासून. तुम्ही तोंड..."

मग म्हणाले, "कुणाला सांगणारेस?"

"शेवंताबाईचं काय?"

"सांगणारेस का ते बोल." हात धरला माझा. इतका घामेजलेला, इतका बारीक झालेला हात. म्हणाले, "सुमन, शेडमध्ये कळलं तर मी लूमखाली जीव देईन."

नाही सांगणार म्हटलं. मग त्यांना झोप लागली, मला नाही. राग येत होता आणि ज्याच्यावर यायला हवा तो समोर पिवळा होऊन झोपलेला. आजारी माणसावर रागवायला आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नाही.

३० एप्रिल, रवि.

नळावर मी म्हटलं, मुद्दाम मोठ्याने, "कावीळ पाण्यातून होते, खानावळीतूनच असं नाही." पलीकडच्या चाळीतली बाई पटकन म्हणाली, "म्हणजे आमच्या नळातून म्हणायचंय का? आम्ही घाण करतो?" भांडण व्हायची वेळ आली. हंडा उचलून घरी आले. एका बाईवरचं काढायला गेलं की ते जाऊन दुसऱ्या कुणावर बसतं. अधांतरी राहतच नाही.

७ मे, रवि.

वज्रेश्वरीची यात्रा. सासूबाई ह्यांना एस.टी.ने घेऊन गेल्या, नवस होता. गरम कुंडात आंघोळ घातली म्हणे. मी सांगितलं होतं, कुंडात उतरवू नका, अजून दोन आठवडे तरी जपायला हवं, दुसऱ्यांना लागेल. सासूबाई म्हणाल्या, "देवीच्या पान्यात रोग ऱ्हातो व्हय?" ड्युटी होती, मी थांबवू शकले नाही. किती माणसं उतरली असतील त्या कुंडात.

माळ गळ्यापर्यंत आली. डोळे निवळतायत. सासूबाईंनी वैदूला नारळ दिला.

१० मे

हे उठून बसतात, भाकरी खातात. आज धीर करून म्हटलं, "शुक्रवारी शेवंताबाईकडे जेवायला जाऊ. दोघं. सगळ्यांसमोर बसून जेवायचं. तोंडाने काही बोलायला नको, नुसतं जेवलात तरी लोकांना कळेल."

लगेच हो म्हणाले. मला इतकं बरं वाटलं की त्यांच्या केसांतून हात फिरवला, कितीतरी दिवसांनी.

फक्त विचारलं, "आणि कुणी विचारलं, झाली कुठून, तर?"

म्हटलं, "म्हणा, माहीत नाही."

१२ मे, शुक्र.

गेलो. शेवंताबाईने सकाळपासून जागा सारवून ठेवलेली. मुद्दाम शेजारच्यांना, यूसुफभाईंना बोलावलं होतं. आमच्या ताटांत तांदळाची भाकरी, मुळ्याची भाजी, ताक. बिनतेलाचं, ह्यांच्यासाठी वेगळं केलेलं. मी आधी घास घेतला, मग ह्यांनी. सगळे बघत होते. शेवंताबाई पळी हातात धरून उभी, आमच्या तोंडाकडे बघत, जणू आम्ही निकाल वाचतोय.

अर्धी भाकरी झाली असेल. ज्याने सगळ्यात आधी खानावळ सोडली तो शेडमधला माणूस म्हणाला, "इथं बिनघोर जेवतोयस, मग काशिनाथ, तुला झाली तरी कुठून?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. माहीत नाही म्हणा. एवढंच तर.

हे ताटात बघत म्हणाले, "हिच्या वॉर्डात काविळीच्या बाया येतात. तिथून आणली असंल हिनं घरात."

मग हळूहळू सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. यूसुफभाई "अच्छा, ऐसा," म्हणाले आणि सुटल्यासारखे मांडी बदलून बसले. शेवंताबाई म्हणाली, "बघा, मी म्हणत न्हवते? माझ्या चुलीत काय न्हाई!" आवाजात नुसता आनंद. मग माझ्याकडे बघितलं आणि पटकन नजर खाली घातली. माझ्या ताटात न विचारता आणखी भाजी वाढली.

मी जेवले. सगळं संपवलं. ताट टाकून उठले असते तर तिचं नाव परत गेलं असतं.

सगळ्यात वाईट हे की ते खोटं बोलले नाहीत.

१३ मे

काल घरी आल्यावर विचारलं, "माझं नाव का घेतलंत?"

म्हणाले, "तुझं म्हणजे कामाचं घेतलं. त्यात काय लाज आहे? दवाखान्यातल्या माणसाला होतंच. माझं नाव निघालं असतं तर..." बरोबर आहे. माझ्या कामाला लाज नाही, त्यांच्या ओढीला आहे. हिशेब त्यांनी चोख केला. माझं उत्तर मोठ्याने बोलण्यासारखं नव्हतं.

१५ मे

नळावर माझ्या हंड्याला कुणाचा हंडा लागत नाही. तिसऱ्या खोलीतली बाई रोज बाळाला पावडर लावून घ्यायला आणायची, आज आली नाही. दारातून म्हणाली, "झोपलाय."

शेवंताबाईची पंगत परत भरली. भाताचा वास आमच्या खोलीपर्यंत येतो. तिच्यासाठी बरं वाटतं, खरंच वाटतं. धाकटी मुलगी वाटी घेऊन आली होती, झाकलेली. वाटी दारात ठेवून पळाली. आत यायला आईने मना केलं असावं.

१७ मे

सासूबाई राहनाळला परत निघाल्या. बोचकं बांधता बांधता म्हणाल्या, "जूनात पोरीला पाठवनार न्हाय मी."

"आपलं ठरलं होतं."

"तू रोग आनतेस घरात. तुझा नवराच चारचौघांत बोलला. पोर मराय पाठवू व्हय? नोकरी सोड, मग पाठवीन."

मी ह्यांच्याकडे बघितलं. एक शब्द पुरला असता. आई, तसं नाही, इतकंच. हे माळेचे सुकलेले तुकडे हातात घेऊन खेळत होते.

नोकरी कशी सोडू? आणि नाही सोडली तर कुंदा नाही. खरं सांगितलं तर दोन्ही मिळेल आणि नवरा जाईल. तिन्हीकडून बघितलं, तिन्हीकडे भिंत.

कुंदाची उशी सासूबाई बरोबर घेऊन गेल्या. म्हणाल्या, "ती मागतीय कधीची."

१९ मे, शुक्र.

लूम बंद. हे आता अगदी बरे. डोळे पांढरेशुभ्र, गालही भरलेत. सोमवारपासून कामावर जातील.

सकाळी पाणी भरलं, भात टाकला. मी म्हटलं, राहू द्या, अजून अशक्तपणा आहे. ऐकलं नाही. मग हे बाजारात गेले आणि पुडा घेऊन आले. मोरीच्या कट्ट्यावर ठेवला. लाल कार्बोलिक साबण, नवा.

मला वाटलं, डॉक्टरीणबाईंचं ऐकून आणला असेल, हात धुवायला. मी सांगितलंच होतं, साबण आणि भरपूर पाणी. मग वाटलं, चुकलं असं म्हणायला आणला असेल, त्यांना तोंडाने म्हणता येत नाही. मग तिसरं वाटलं. विचारलं तर उत्तर मिळेल, म्हणून विचारलं नाही.

दुपारी हे भिंतीला टेकून बसले. मी नखं बघितली त्यांची. कापलेली होती.

म्हणाले, "शेवंताबाईची पंगत परत भरली ना?"

"भरली."

"मग झालं तर," म्हणाले, आणि माझ्या पायांना तेल लावायला बाटली उघडली. मी पाय ओढून घेतले नाहीत.

साबण कट्ट्यावर आहे, अजून कागदातच. कुंदा घरात असताना नाही, हा शेवटचा नियम होता. आता कुंदा येणार नाही.